पिल्लू गादीवर शू करतंय? आधी ट्रे तपासा, मग पिल्लू

आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत गेली काही वर्षं रस्त्यावरची, गाडीच्या बॉनेटमधली, पत्र्याखाली सापडलेली मांजराची पिल्लं येतात, वाढतात आणि दुसऱ्यांच्या घरी जातात. पिल्लू नेऊन आठवडा झाला की फोन ठरलेला. "ताई, खूप गोड आहे हो, पण गादीवर शू करते." मागून सासूबाईंचा आवाजही ऐकू येतो, तो इथे लिहीत नाही.

दोन महिन्यांचं पिल्लू कुणावर खुन्नस काढत नाही. माती उकरायची, शी-शू करायची आणि झाकायची, एवढं त्याला उपजत कळतं. तुम्ही ठेवलेल्या वाळूच्या ट्रेपेक्षा गादी त्याला त्या कामाला बरी वाटली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फडकं आणायच्या आधी जागा नीट बघा. कुठे केली, कशावर केली, किती केली. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

लक्षणं: तुमच्याकडे यातलं काय होतंय?

- ट्रेच्या अगदी शेजारी, काठाला लागून घाण. पिल्लाला जागा पटलीय, ट्रे पटलेला नाही.
- शी ट्रेमध्ये, शू बाहेर, किंवा उलट. बहुधा ट्रे पुरेसा साफ नसतो किंवा एक ट्रे कमी पडतो. शू बाहेर आणि तीही थोडी थोडी असेल तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो.
- गादी, गोधडी, वाळून आणलेल्या कपड्यांचा ढीग, पायपुसणं. पंजांना मऊ लागणारं काहीतरी हवंय.
- तुळशीची कुंडी. माती हवीय.
- मोरीच्या जाळीवर. तिथे आधीच वास आहे, किंवा ट्रे मोरीत होता आणि कुणीतरी हलवला.
- पातळ शी, घरभर ठिपके. हा पोटाचा प्रश्न आहे, शिस्तीचा नाही.
- शेपटी ताठ, मागचं अंग थरथरतंय आणि भिंतीवर किंवा पडद्यावर उभी फवारणी. पाच-सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू सहसा हे करत नाही. तुमचा बोका वयात आलाय.
- सारखं ट्रेमध्ये जाऊन बसतं, कुंथतं, ओरडतं आणि काहीच येत नाही, किंवा एखादा थेंब येतो. हे तुमच्याकडे होत असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरकडे निघा. कारण शेवटी लिहिलंय.

आधी वय बघा

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर प्रत्येक दुधानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस मागच्या बाजूला हळूहळू फिरवायचा, शू येईपर्यंत. अशा पिल्लाने अंथरूण भिजवलं तर त्यात चूक कुणाचीच नाही.

तीन-चार आठवड्यांनंतर ते उकरायला लागतं आणि तिथून ट्रे चालू होतो. दोन महिन्यांचं पिल्लू बहुतेक वेळा ट्रे वापरतं, पण खेळात रमलं की विसरतं. मूत्राशय लहान, घर मोठं. हॉलच्या टोकाला खेळताना शू आली आणि ट्रे मागच्या बाल्कनीत असेल तर ते तिथवर पोचत नाही. आठवड्यातून एखादा असा प्रसंग सोडून द्या. रोज होत असेल तर पुढच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

१. ट्रेपर्यंतचा रस्ता

हे हास्यास्पद वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळा मला इथेच उत्तर सापडलंय. ट्रे बाथरूममध्ये असतो, घरी पाहुणे येतात, पाहुणे सवयीने बाथरूमचं दार ओढून घेतात. किंवा वाऱ्याने दार आपटतं आणि पिल्लू दोन तास बाहेर राहतं. दाराला वीट लावा, दोरीने बांधा, काहीही करा.

बाथरूमचा दुसरा घोटाळा म्हणजे आपली आंघोळ. बादलीतून तांब्याने पाणी घेताना शिंतोडे उडतात, फरशी ओली राहते, ट्रेमधलं भिजतं. ओल्या फरशीवरून चालत जाऊन ओल्या वाळूत बसायला मांजर तयार होत नाही. बाल्कनीत ट्रे असेल तर हाच प्रकार पावसाळ्यात होतो आणि मे महिन्यात ट्रे तव्यासारखा तापतो.

२. ट्रेची जागा

ट्रे जेवणाच्या आणि पाण्याच्या वाटीपासून लांब हवा. जेवतो तिथे मांजर घाण करत नाही. वाटी ट्रेशेजारी ठेवली तर ते ट्रे सोडतं, वाटी सोडत नाही.

जागा शांत हवी. आमच्याकडे एक करडी भाटी होती, अगदी शहाणी, आणि अचानक वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात शू करायला लागली. चार दिवस मी कपडे धूत होते आणि तिला दोष देत होते. मग लक्षात आलं की ट्रे वॉशिंग मशीनशेजारी होता, आणि ती बसलेली असताना मशीन एकदा स्पिनवर गेलं होतं. बिचारी पुन्हा तिथे जायला तयार नव्हती. ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात नेला, दोन दिवसांत प्रश्न संपला. मी ते चार दिवस मशीन लावत होते ते तिने खराब केलेले कपडे धुवायलाच, हे नंतर नवऱ्याने दाखवून दिलं.

अगदी अडगळीतही नको. कपाटामागच्या बोळात कुत्रा किंवा दुसरं मांजर वाट अडवून बसलं तर पळायला दुसरी वाट लागते.

३. साफसफाई

शीचे गोळे आणि ओले झालेले खडे दिवसातून दोनदा काढा, सकाळी आणि रात्री. आठवड्यातून एकदा सगळं टाकून ट्रे साध्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. दोन दिवस फ्लश न केलेल्या संडासात आपण जात नाही, आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं.

ट्रे फिनेलने धुऊ नका. हे मी प्रत्येक घरात सांगते आणि प्रत्येक घरात मोरीजवळ फिनेलची बाटली असतेच. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक या बाबतीत संशयित समजा, डेटॉलसुद्धा. शिवाय उग्र वासामुळे ट्रे टाळला जातो तो वेगळाच.

घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारे टोक्सोप्लाझ्माचे जंतू शीतून बाहेर पडतात आणि संसर्ग करण्याच्या अवस्थेत यायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ झाला की धोका बराच कमी होतो. दुसरं कुणी नसेलच तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. यासाठी पिल्लू घराबाहेर काढायची गरज नसते. आजी काय म्हणतील ते माहीत आहे, त्यांना डॉक्टरांशी बोलू द्या.

४. ट्रे स्वतः

दुकानातला झाकणाचा, दाराचा महागडा ट्रे लहान पिल्लासाठी घेऊ नका. आत अंधार असतो, वास कोंडतो आणि आपल्यालाही आत काय साचलंय ते दिसत नाही. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला काठ ५ ते ७ सेंटीमीटरचा पुरे. बाजारात मिळणारा उथळ प्लास्टिकचा टब किंवा भोकं नसलेला भाजीचा ट्रे चालतो. काठ उंच असेल तर पिल्लू पुढचे पाय आत टाकतं, मागचे बाहेर राहतात आणि घाण बरोब्बर काठाशेजारी होते. लक्षणांमधला पहिला प्रकार बऱ्याचदा हाच असतो.

संख्येचा हिशेब सोपा आहे: मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त. एका पिल्लाला दोन. वन बीएचकेत हे जड जातं, मान्य आहे, पण पहिले दोन महिने तरी एक हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये ठेवा. पिल्लू मोठं झालं की एक काढता येतो. तेव्हा ट्रेही मोठा घ्या. बोका वाढून लांब होतो आणि जुन्या ट्रेमध्ये त्याचं तोंड आत, शेपटीकडचा भाग बाहेर राहतो.

५. ट्रेमध्ये काय घालताय

इथून खर्च सुरू होतो. ट्रेमध्ये घालायच्या खड्यांना दुकानात लिटर म्हणतात. नवखा माणूस "एक लिटर द्या" म्हणतो आणि दुकानदार पाच किलोची पिशवी पुढे करतो.

१९४७ साली अमेरिकेत एड लोव या गृहस्थाने शोषक माती पिशवीत भरून मांजरवाल्यांना विकायला सुरुवात केली, त्याआधी तिथेही लोक राख आणि वाळूच वापरत होते. आपल्याकडे गावात मांजर परसात जातं, तिथे काही विकत आणावं लागत नाही. फ्लॅटमध्ये मात्र निवड करावी लागते.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ओलं झालं की गोळा होणारं, म्हणजे बेंटोनाइट मातीचं लिटर देऊ नका. पिल्लं सगळं चाखून बघतात आणि ती माती पोटात जाऊन फुगते. लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्यांचं, गोळा न होणारं लिटर घ्या. लव्हेंडरच्या वासाचं घेऊ नका, तो वास आपल्यासाठी असतो. थर साधारण ३ ते ४ सेंटीमीटर.

चाळलेली, सुकलेली वाळू चालते. पिल्लांना ती आवडतेही, पण ती शोषत नाही. वास लवकर येतो आणि सगळी वारंवार बदलावी लागते. सुताराकडचा भुसा बारीक उडतो आणि पिल्लं शिंकत बसतात. फाडलेला पेपर फुकट पडतो, पण त्यात एक तोटा आहे. पेपर म्हणजे संडास हे पिल्लू एकदा शिकलं की बाबांनी सोफ्यावर ठेवलेला रविवारचा अंकही त्याच यादीत जातो.

पिल्लू कुंडीतच जात असेल तर ट्रेमधल्या लिटरमध्ये दोन मुठी कोरडी माती मिसळा आणि आठवडाभरात ती हळूहळू कमी करा. कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे किंवा नारळाच्या करवंट्या दाबून बसवा. आमची तुळस अशीच वाचली. लिटर बदलायचं असेल तेव्हाही एकदम बदलू नका, जुन्यात नवीन मिसळत जा. काल होतं ते आज नाही म्हटल्यावर पिल्लू नवी जागा शोधायला निघतं.

६. जुने डाग

हे कष्टाचं काम आहे आणि लोक इथेच चुकतात. पाणी मारलं, पुसलं, अगरबत्ती लावली, झालं. शूमधलं युरिक अॅसिड पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे बारीक कण कापसात आणि लाकडात राहतात. हवा दमट झाली की वास परत जागा होतो. कोरड्या एप्रिलमध्ये "बरी झालेली" गादी जूनचा पहिला पाऊस पडला की पुन्हा घमघमते, आणि पिल्लू नाकाने शोधत तिथेच येतं. कोकणपट्टीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

ताजी असेल तर जुन्या कपड्याने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइम असलेलं पेट क्लीनर ओता. हात आखडू नका, शू जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं. बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा आणि आपोआप वाळू द्या. ते मिळत नसेल तर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात, साधारण एक भाग पावडर आणि नऊ भाग पाणी. त्याने धुवा, साध्या पाण्याने काढा, वाळवा. अमोनियावाली काच पुसायची द्रव्यं वापरू नका, शूमध्येही अमोनियाचाच वास असतो आणि पिल्लाला ते आमंत्रण वाटतं. जुने डाग दिसत नसतील तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा, शू चमकते. आपल्या घरात किती ठिकाणी चमकते ते बघायची मनाची तयारी ठेवा.

गादी पूर्ण सुधारेपर्यंत लहान बाळाखाली घालतात ते रबरशीट चादरीखाली अंथरा आणि शक्य तेवढं बेडरूमचं दार बंद ठेवा. तिथे ठेवलेला ट्रे मग तेवढे दिवस हॉलमध्ये आणा.

७. पुन्हा पहिलीपासून

वरचं सगळं करूनही चालूच असेल तर पिल्लाचं जग लहान करा. पाच-सात दिवस एक छोटी खोली किंवा मोठा पिंजरा, एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला अंथरूण आणि वाट्या. ही शिक्षा नाही. पर्याय कमी झाले की ट्रे सापडतो. अर्थात दिवसातून काही वेळ तुम्ही शेजारी बसायचं, खेळायचं.

झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवणानंतर दहा-वीस मिनिटांत त्याला उचलून ट्रेमध्ये ठेवा. पोटात अन्न गेलं की आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतरची वेळ सगळ्यात खात्रीची. तुमच्या बोटाने लिटर थोडं खरवडा, आवाज ऐकून ते उकरायला लागतं. त्याचे पंजे धरून उकरवू नका, घाबरतं. बाहेर केलेल्या शीचा छोटा तुकडा ट्रेमध्ये ठेवला तर वासाने खूण पटते. ट्रेमध्ये केली की लगेच खाऊचा एक दाणा.

घाणीत नाक घासणं, ओरडणं, चप्पल उगारणं बंद. त्यातून पिल्लू "गादीवर करायची नाही" हे शिकत नाही, "माणसासमोर करायची नाही" एवढंच शिकतं. मग सोफ्यामागे करतं आणि तुम्हाला आठवड्याने कळतं. घरात रंगकाम, फटाके, नवं कुत्रं असं काही चालू असेल तर त्या दिवसांत शिकवणी लांबली तरी चालेल.

८. पोट

शी पातळ असेल तर पहिला प्रश्न: दूध देताय का? मांजर आणि दूध ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली जोडी आहे, पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातलं लॅक्टोज पचत नाही. एका घरी मी ट्रे बदलला, लिटर बदललं, जागा बदलली. मग कळलं की आजोबा रोज दुपारी सगळे झोपल्यावर पिल्लाला वाटीभर म्हशीचं दूध देत होते. दूध बंद झालं आणि तीन दिवसांत शी घट्ट. आजोबा आजही मला माफ करत नाहीत.

दूध देत नसाल तर जंत. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात ते असतातच असं धरून चाला, आईच्या दुधातूनही येतात. औषध वजनावर ठरतं आणि लहान वयात दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं, त्यामुळे डॉक्टरकडे नेऊन वजन करून घ्या. माणसांची जुलाबाची गोळी अर्धी-पाव करून देऊ नका.

इथे थांबा, डॉक्टरला फोन करा

शूसाठी कुंथतंय आणि येत नाही, त्यातही बोका असेल तर रात्र काढू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती अडकली की रक्तात पोटॅशियम साठतं, हृदय बंद पडू शकतं, आणि हे एक-दोन दिवसांत होतं. पिल्लांमध्ये कमी दिसतं, तरुण बोक्यांमध्ये जास्त. माझ्या एका वर्षाच्या बोक्याला मी बद्धकोष्ठ समजून एक अख्खा दिवस भोपळा भरवत बसले होते. तो वाचला, पण सलाइन आणि कॅथेटरवर तीन दिवस होता.

उलट्या, जुलाब, ताप आणि कोपऱ्यात मान टाकून बसणं एकत्र दिसलं तर पॅनल्युकोपेनिया असू शकतो, हा मांजरांचा विषाणूजन्य आजार पिल्लांसाठी अतिशय घातक. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, झाली नसेल तर डॉक्टरला तसं सांगा आणि घरातली बाकीची मांजरं वेगळी ठेवा. शीत किंवा शूत रक्त असेल, पिल्लाने दिवसभर खाल्लेलं नसेल, किंवा जुलाब चोवीस तासांवर गेले असतील तरी वाट पाहू नका. अर्धा किलोच्या जिवातलं पाणी फार लवकर संपतं.

घाई नसलेली, पण डॉक्टरकडेच सुटणारी दोन प्रकरणं. बोका फवारणी करत असेल तर नसबंदी. ती चार ते सहा महिन्यांत केली तर सवय बहुतेक वेळा लागतच नाही. आणि वरचं सगळं दोन आठवडे नीट करूनही पिल्लू बाहेरच जात असेल तर लघवीची आणि शीची तपासणी. मुंबईत असाल तर परळला प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, आधी फोन करून मांजर बघतात का ते विचारा.

जाताना सकाळची ताजी शी स्वच्छ डबीत न्या आणि शेवटची शू कधी केली ती वेळ लिहून न्या. डॉक्टर तेच पहिलं विचारतात. आणि पिल्लू हातात धरून रिक्षात बसू नका, झाकणाच्या टोपलीत किंवा कॅरियरमध्ये न्या, खाली जुना टॉवेल घालून. घाबरलं की ते तिथेच शू करतं.